बोलावलं तर वाढायचं

१

त्या रात्री मला झोप लागली नाही ती एका हिरव्या मण्यामुळे.

मण्यात तसं काही नव्हतं. वाटाण्याएवढा, काचेचा, एका बाजूनं झिजलेला. दिवसा बोटीत तो मेबलच्या मुठीत दिसला, तेव्हा मी पर्समधली पुठ्ठ्याची नळी काढली. टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती लहान मुलाच्या घशातूनही जाते, असं मेबल पोटात असताना मी कुठंतरी वाचलं होतं, आणि तेव्हापासून नळी माझ्याजवळ असते. माझे सासरे, म्हणजे पॉप, तिला ‘रोवेनाची दुर्बीण’ म्हणतात. मेबलला हा खेळच वाटतो. तिनं मणी वरून सोडला, खालून दुसऱ्या हातात झेलला आणि माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, हा कुणीतरी काढून घ्या हिच्याकडून. मग बोटीत दुसरीच घाई उडाली. अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो कुणी काढून घेतला ते मी पाहिलंच नव्हतं.

मी नवऱ्याला, क्लेटनला, हलवलं. “क्ले, तो मणी कुठंय?”

“पॉपनी घेतला असेल. झोप ना, रो.”

असेल. आमच्या घरात हा शब्द फार चालतो.

सकाळी मेबलच्या डब्यात डोकावले. पॉपच्या कॉफीचा रिकामा डबा तिनं खजिन्यासाठी पटकावलाय. त्यात दगड, बाटल्यांची झाकणं, एक वाळलेला विंचू (यावर आमचं भांडण झालेलं आहे) आणि तळाशी काहीतरी हिरवं. हिरवं दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला. हात घालून बघितलं नाही, कारण विंचू. पॉपना फोन करून विचारलं नाही, कारण माझ्या दुर्बिणीचा विषय त्यांना आधीच आयुष्यभर पुरलाय.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. म्हणजे घाबरायची कारणं माझ्याकडे इतरांपेक्षा जास्त असतात, आणि नीट मांडलेली असतात.

२

ती घाई कसली, ते सांगायला हवं.

पेज या आमच्या गावात राहणाऱ्या माणसाला शनिवारी काय करतोस असं कुणी विचारत नाही. खाली पॉवेलचं सरोवर आहे, चहूकडे लाल खडक आणि वाळू, आणि पाण्यात पट्टेरी बास मासे. कितीही पकडा, कुणी अडवत नाही. दर वर्षी पाणी थोडं आणखी उतरतं, खडकांवरचा पांढरा पट्टा थोडा आणखी रुंद होतो, आणि बोट उतरवायचा काँक्रीटचा उतार थोडा आणखी लांबवावा लागतो. बाकी काही बदलत नाही.

पॉप ओक्लाहोमातून आले, ते तिथली एक खोड घेऊन आले. ते मासे ठोके देऊन बोलावतात. झाडूचा दांडा, त्याच्या टोकाला सासूबाईंच्या काठीचं रबर. त्या गेल्यावर काठी कुणाला देववली नाही, रबर तेवढं कामी आलं. इंजिन बंद करायचं, आणि बोटीच्या तळावर दांडा आपटायचा. दोनदा सावकाश, दम घ्यायचा, मग एकदा. खाली कुठंतरी खाणं चाललंय असं माशांना वाटतं म्हणे आणि ते बघायला येतात. इथले लोक हसतात. शेजारच्या बोटीतून कुणीतरी हमखास ओरडतं, “ऑर्विल, दार उघडलं का रे कुणी?” पॉप म्हणतात, उघडतील, जरा कपडे घालत असतील.

पण मासे येतात. आणि आले की पॉप आधी गळ टाकत नाहीत. मांदेलीसारखे बारीक गोठवलेले मासे आम्ही डब्यात नेतो, त्यांचे तुकडे आधी मुठीनं पाण्यात टाकतात. पहिली मूठ लांब, मग थोडी जवळ, मग अगदी बोटीलगत. मासे मागोमाग येतात आणि बोटीखाली थांबतात. मासे आले नाहीत तरी एक मूठ टाकायचीच. “बोलावलं तर वाढायचं,” ते मेबलला सांगतात. “रिकामं बोलवायचं नाही, कॅप्टन. ती वाईट सवय.”

त्या शनिवारी मेबलला पहिल्यांदा दांडा मिळाला. ती ठोके देत राहिली, जीभ बाहेर काढून, अगदी पॉपसारखी. पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मासे जमू लागले. पॉप म्हणाले, “क्लेटन, वाढ.” क्लेटन माझ्याकडे बघायला लागला. मी पॉपकडे. माशांच्या खाण्याचा डबा घरी ओट्यावर राहिला होता. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं घेतला असेल.

आम्ही हसलो. गळाला लावायलाही काही नाही म्हटल्यावर हसण्याखेरीज काय करणार? मेबल ठोके देतच होती. तेवढ्यात क्लेटन यंत्रावर टिचक्या मारायला लागला. “हे बघ. तळ वर येतोय.”

बोट जागेवर होती. खाली पाण्यात बुडालेली जुनी दरी, खोल. आणि पडद्यावरची जाड रेघ सावकाश वर सरकत होती, माशांच्या खाली, माशांना वर ढकलत. मी लगेच समजावून सांगितलं, की झुंड फार दाट असली की यंत्र तिलाच तळ समजतं. ते खरं आहे. पॉपही मान हलवत होते. मग त्यांनी मेबलच्या हातातून दांडा हळूच घेतला. ती लगेच मागच्या शिडीशी जाऊन ओणवी बसली, आणि वळली तेव्हा तिच्या मुठीत तो मणी होता.

“कुणी दिला?”

“मला दिला.”

मी नळी काढली. पण पॉप म्हणाले, आता निघू या. ते घाईनं कधी निघत नाहीत. इंजिन चालू करायच्या आधी त्यांनी आपलं सँडविच कागदातून काढलं, अजून एक घासही घेतला नव्हता, आणि पाण्यात टाकलं.

“आज एवढंच आहे बाबांनो,” ते म्हणाले. “भागवून घ्या.”

सँडविच तरंगत राहिलं. खाली एवढे मासे, पण कुणी तोंड लावलं नाही.

३

त्यानंतर वस्तू मिळायला लागल्या.

आमच्या सरोवराला हे नवीन नाही. पाणी उतरतं तसं लोकांचं हरवलेलं वर येतं. चष्मे, खुर्च्या, अंगठ्या. पॉपना एकदा कवळी सापडली होती, ती त्यांनी धुऊन दुकानाच्या काउंटरवर ठेवली, आणि कुणीतरी ती नेलीसुद्धा. त्यामुळे मेबलला बोटीच्या शिडीवर केसांची पिवळी क्लिप मिळाली तेव्हा मला वाटलं, पॉपचे लाड. नंतर उतारावर, पाण्याच्या वरच्या अंगाला, बाहुलीचा कप. कोरड्या काँक्रीटवर नीट उभा ठेवलेला, आत घोटभर पाणी. तेव्हा वाटलं, क्लेटन. तो असलं काहीतरी करतो. माझ्या वाढदिवसाला त्यानं कानातले माशाच्या पोटातून काढून दाखवले होते.

याच सुमारास मेबलची अंघोळ लांबायला लागली.

एका दुपारी मी टॉवेल घेऊन बाहेर उभी होते. ती टबच्या तळाशी टाच आपटत होती. दोनदा सावकाश, मग एकदा. मला कौतुक वाटलं. मग ती थांबली. कान पाण्यात बुडवून पडून राहिली. छपरावर कूलर घरघरत होता, त्याची नळी भिंतीला लागून टकटक करते, कित्येक दिवस क्लेटन ती बांधणार आहे. मेबल हसली, पुन्हा ठोके दिले, आणि पुन्हा थांबली.

मी शाळेत मुलांना सांगते, की आवाज आणि त्याचं कारण यांच्यामध्ये आपली कल्पना घुसू द्यायची नाही. म्हणून मी कल्पना घुसू दिली नाही. मला खटकलं ते एवढंच, की ती फार वेळ थांबत होती. आपण एकटे खेळतो तेव्हा इतकं थांबत नाही. समोरच्याचं बोलून व्हायची वाट बघताना थांबतो.

मी कूलर बंद केला. टकटक थांबली. मला इतकं हायसं वाटलं की मी टॉवेलनं स्वतःचंच तोंड पुसलं. मग बाथरूममधून मेबल म्हणाली, “आई, तू मध्येच का बोललीस?”

मी काही बोलले नव्हते.

४

शुक्रवारी पॉप मासे तळतात. मक्याच्या पिठात घोळवून, त्यांच्या त्या काळ्या कढईत. त्यात कुणी हात घातलेला त्यांना चालत नाही, आणि मी सोललेला बटाटा ते पुन्हा सोलतात. त्या दिवशी मेबल डबा घेऊनच टेबलाशी बसली होती. आदल्या दिवशी उताराशी मिळालेला बाहुलीचा बूट तिनं सगळ्यांना दाखवला. तो घ्यायला ती घोटाभर पाण्यात गेली होती. माझ्या पायाला लागून, माझ्या देखत.

मी म्हटलं, “पॉप, लाड पुरे आता. डबा भरला तिचा. आणि निदान पाण्यात तरी ठेवू नका.”

“मी कुठं?” पॉप कढईवरून वळले. “मला वाटलं क्लेटन ठेवतोय.”

क्लेटननं घास तसाच धरला. “मला वाटलं रो. तिची पाण्याची भीती जावी म्हणून.”

“तिला भीती नाहीच्चे,” मी म्हटलं. “भीती मला आहे.”

तेल तडतडत होतं. मग मी पाणी उतरण्यावर बोलले, वारा, लाटा, हलक्या वस्तू काठाला कशा लागतात. चांगलं बोलले. दोघंही फार मन लावून माना डोलवत होते. मेबल माशाला केचप लावत म्हणाली, “माझ्यासाठीच ठेवलेलं असतं.”

भांडी घासताना पॉप माझ्याशेजारी पुसायला उभे राहिले. मी मनातल्या मनात जागा लावत होते. मणी बोटीत. क्लिप शिडीवर. कप उतारावर कोरड्यात. बूट घोटाभर पाण्यात. पॉपच्या हातात मघापासून एकच ताट होतं. ते वाळून गेलं तरी ते पुसत होते. मला कळलं, की तेही जागाच लावतायत. पहिली मूठ लांब, मग थोडी जवळ. फक्त कुणाच्या जवळ, ते आम्ही दोघंही बोललो नाही.

“उद्या मी आणि क्लेटन जाऊन येतो,” ते शेवटी म्हणाले. “आपल्याकडून वाढायचं राहिलंय. गोठवलेलं सगळं नेतो.”

“पॉप, तुमचा विश्वास आहे यावर?”

“माझा शिष्टाचारावर विश्वास आहे, बाई.”

मेबलचा डबाही ते नेणार होते. ते तिच्यापुढं उकिडवे बसले आणि म्हणाले, कॅप्टन, हे मला देतेस का? तिनं डबा पोटाशी धरला आणि खालचा ओठ काढला. पॉप उठले. “राहू दे,” म्हणाले. तिच्याकडून काही काढून घेणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

५

बोट उतरवायला गाडी मागं घ्यावी लागते, म्हणून मी गेले. मेबलला ठेवायला कुणी नव्हतं. ती मागं तिच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली, मांडीवर डबा. मी ठरवलं होतं, बोट उतरली की लगेच घरी.

सकाळ मोठी सुरेख होती. खडक तांबडेलाल, पाणी काचेसारखं. दोघं गेले, आणि जरा आत जाऊन थांबले. पॉप दांडा घेऊन उभे राहिलेले मला दिसले. ठोके ऐकू येणं शक्य नव्हतं. मग त्यांनी मुठी भरभरून टाकायला सुरुवात केली, आणि काही वेळात पाणी उकळलं. इथं त्याला तसंच म्हणतात. पट्टेरी मासे एकदम वर येतात, पाणी पांढरं होऊन फुटतं, जणू खाली कुणी जाळ लावलाय. इतकं मोठं उकळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. उतारावरचे लोक शिट्ट्या मारायला लागले. पॉपनी टोपी काढून हवेत हलवली. मी पण गाडीच्या खिडकीतून हात हलवला. माझे डोळे भरून आले, खरंच. मला वाटलं, फिटलं.

तेव्हा माझ्या तळपायांना जाणवलं. गाडीच्या तळातून, खालच्या काँक्रीटमधून. दोनदा सावकाश. दम. मग एकदा.

दूर पॉप दोन्ही हातांनी टोपी धरून उभे होते. दांडा क्लेटनच्या हातातही नव्हता.

मागचं दार उघडलेलं होतं. तिला तो पट्टा सोडता येतो हे मला माहीत नव्हतं. मी धावले तेव्हा ती उतारावरून खाली चालली होती, पळत नव्हती, डबा काखेत, जेवायला हाक मारल्यावर येते तशी चालत. सगळे लोक दुसरीकडे बघत होते. मी तिला पाण्याच्या कडेला पकडलं, दंड धरून, फार जोरात.

“आई, क्लिप,” ती म्हणाली. “दुसरी.”

गुडघाभर पाण्यात, काँक्रीटवर, पिवळी क्लिप होती. जोडीतली दुसरी. पाणी इतकं स्वच्छ की तिची स्प्रिंग दिसत होती. मी बघत असताना ती हातभर मागं सरली आणि थांबली. मग पुन्हा, थोडीशी. वारा नव्हता, लाट नव्हती. मासा आळसावला असला की पॉप आमिषाला असाच हिसका देतात. मी तो हजारदा पाहिलाय. काठावरून, खाली बघत. खालून कसा दिसत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

टायर घसरू नयेत म्हणून उतारावर आडव्या खाचा आहेत. मी डोळ्यांनी त्या खाचांवरून खाली गेले, एकेक करत. क्लिपच्या पलीकडं थोड्या अंतरावर खाचा संपल्या. उतार तिथं संपत नाही, त्याच वर्षी तो लांबवलाय. तिथं उताराच्याच रंगाचं काहीतरी होतं. ते हळूच बाजूला झालं, दारातल्या माणसानं वाट द्यावी तसं, आणि त्याच्यामागं काहीच नव्हतं. नुसतं खोल.

मी मेबलला कमरेवर घेतलं, तिच्या काखेतला डबा ओढला आणि उलटा केला. दगड, झाकणं, कप, बूट, क्लिप, विंचू, सगळं पाण्यात. ती किंचाळली. मी दुसरा हात आडवा धरला, ताटावर धरतो तसा. आणि मोठ्यानं म्हणाले, शेजारच्या माणसानं वळून बघितलं इतक्या मोठ्यानं, “पुरे. पोट भरलं तिचं. पुरे झालं.”

पाण्यावर बुडबुडे आले, डब्यातल्या वस्तूंचे. ते विरले. पायाखाली आता ठोके नव्हते. मी पुन्हा बघितलं तेव्हा खाचा अगदी खालपर्यंत दिसत होत्या, आणि क्लिप नव्हती.

६

परतताना बर्फाची पेटी झाकण लागत नाही इतकी भरली होती. क्लेटन गाडी चालवत होता आणि गात होता, वाईट. पॉप पुढं बसून सारखे मागं वळून मेबलला बघत होते. मी त्यांना जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “डबा परत केलास, ते बरं केलंस. मला जमलं नसतं.” मग मागं हात करून त्यांनी माझा गुडघा थोपटला. त्यांच्या हाताला माशांचा वास होता. मला तो हात सोडवेना.

मेबल रडून दमली होती. मी तिच्या शेजारी बसले होते, तिचा पट्टा दोनदा तपासला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कसली काळजी वाटत नव्हती. मी शोधून बघितलं, खरंच सापडेना. तिच्या गालावरचे केस मागं केले आणि म्हटलं, रागावलीस का गं? मी तुला नवीन क्लिपा आणीन. नवीन डबा, पॉप देतील. तुझं सगळंच टाकलं मी, हो ना?

पॉप आरशातून बघत होते. क्लेटन गायचा थांबला. मेबलनं पोटावर हात ठेवला आणि बाहेर, मागं पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिली.

“सगळं नाही,” ती म्हणाली. “हिरवा मणी मी तेव्हाच गिळला होता. आई, तो ओढतोय.”